कॉमिक्सच्या पानावर कायद्याचा हात

एखादा सुपरहिरो असाच का दिसतो, त्याचं नाव असंच का, याचं उत्तर आपण नेहमी चित्रकाराच्या डोक्यात शोधतो. पण कॉमिक्सचा इतिहास जरा खणला की लक्षात येतं की अर्ध्या गोष्टी कोर्टात आणि करारांच्या कागदांवर ठरल्यात. मला हा विषय फार जवळचा आहे, कारण कायदा म्हटलं की लोक फक्त बंदीचा विचार करतात, आणि तो चित्र कसं वाकवतो, कुठल्या दिशेला ढकलतो हे बाजूलाच राहतं.

सगळ्यात भारी उदाहरण कॅप्टन मार्व्हलचं. १९४० मध्ये फॉसेट कंपनीने हा हिरो आणला, बिली बॅटसन नावाचा पोरगा 'शझाम' म्हणतो आणि वीज कडाडून त्याचा महाबली होतो. चाळीसच्या दशकात याचे अंक सुपरमॅनपेक्षाही जास्त खपायला लागले. मग सुपरमॅनच्या मालकांनी, म्हणजे आज ज्याला आपण डीसी म्हणतो त्या कंपनीने, कॉपीचा खटला टाकला आणि तो वर्षानुवर्षं चालला. खालच्या कोर्टात फॉसेट जिंकली, कारण सुपरमॅनच्या पेपरमधल्या स्ट्रिप्सवर कॉपीराइटची सूचना नीट छापलेली नव्हती, पण १९५१ मध्ये अपील कोर्टात जज लर्नेड हँड यांनी तो निकाल फिरवला. तोवर सुपरहिरोंचा खपही घसरला होता, त्यामुळे १९५३ मध्ये फॉसेटने चार लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि कॅप्टन मार्व्हल बंद.

आता गंमत बघा, इंग्लंडमध्ये एक प्रकाशक हीच कॉमिक्स रिप्रिंट करून छापायचा, त्याचा मालच आटला. वाचक तर हातात आहेत, मग करायचं काय, तर त्याने मिक अँग्लो नावाच्या आर्टिस्टला गाठलं आणि १९५४ मध्ये मार्व्हलमॅन जन्माला आला, काळ्या केसांऐवजी सोनेरी, लाल पोशाखाऐवजी निळा, 'शझाम'ऐवजी 'किमोटा', बाकी ढाचा तोच. म्हणजे खटला झाला अमेरिकेत आणि त्याने नवीन हिरो जन्माला घातला समुद्रापलीकडे! १९८२ मध्ये ब्रिटिश लेखक अॅलन मूर यांनी याच मार्व्हलमॅनला परत उठवलं आणि देवासारखी ताकद असलेला माणूस खऱ्या जगात असता तर काय भयंकर होईल हे इतकं थंडपणे लिहिलं की त्यानंतर सुपरहिरो लिहायची पद्धतच बदलली असं माझं मत आहे. त्यातही मार्व्हल कंपनीने नावाला हरकत घेतल्यामुळे अमेरिकेत १९८५ मध्ये त्याला मिरॅकलमॅन व्हावं लागलं. आणि मग हक्कांचा असा गुंता झाला की गोष्ट नव्वदच्या दशकात अर्धवट थांबली ती २०२२ पर्यंत पुढे सरकलीच नाही. एवढा काळ वाचक थांबले, लेखक-चित्रकार थांबले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट कॉमिक्स कोडची. हा सरकारी कायदा नव्हता हे आधी सांगतो, पण १९५४ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये कॉमिक्सवर सुनावण्या झाल्या आणि कायदा येईल या भीतीने प्रकाशकांनी स्वतःच नियम करून घेतले, आणि ते पाळणाऱ्या अंकावर कोडचा शिक्का छापला जायचा. व्हँपायर नको, झाँबी नको, शीर्षकात 'हॉरर' शब्द नको, गुन्हेगार शेवटी हरलाच पाहिजे. ईसी कंपनीचा भयकथांचा धंदाच यात बसला. त्यांचं मॅड नावाचं विनोदी कॉमिक १९५५ मध्ये कॉमिक बुक सोडून मोठ्या आकाराचं मॅगझिन झालं, आणि मॅगझिनला कोड लागूच नव्हता, म्हणून तिथे वाट्टेल ते छापता आलं. बाकी वितरकांना शिक्का नसलेला अंक नको असायचा, त्यामुळे कित्येक वर्षं कॉमिक्स म्हणजे लहान पोरांचंच वाचन असा समज पक्का झाला. तो समज मोडायला किती कष्ट लागले!

आणि करार. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले, पुढे कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, आणि अंकांवर त्यांचं नाव परत द्यायला कंपनी तयार व्हायला १९७५ उजाडलं. हे वाचलं की मला राग येतो. १९७८ पासून अमेरिकेत नवीन कॉपीराइट कायदा लागू झाला, तेव्हापासून कंपन्या फ्रीलान्स आर्टिस्टांकडून लेखी घ्यायला लागल्या की केलेलं काम कंपनीचंच. मग शहाणा आर्टिस्ट काय करणार, आपलं चांगलं नवीन कॅरेक्टर कशाला देईल? जुन्यांवरच काम करत राहतो. १९९२ मध्ये मार्व्हलचे गाजलेले आर्टिस्ट बाहेर पडले, इमेज कॉमिक्स काढली, आणि निर्माता हाच मालक असं ठरवलं, तेव्हा सुपरहिरो सोडून इतर विषयांनाही जागा मिळाली.

याच्या उलट जपान. तिथे मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिक्सचे, चाहते आवडत्या पात्रांवर स्वतःच्या गोष्टी काढून विकतात, त्याला दोजिन्शी म्हणतात, आणि १९७५ पासून कॉमिकेट नावाचा त्याचा मोठा मेळा भरतो. कायद्याच्या कडक वाचनात बरंच काही कॉपीराइटभंगात बसेल, पण मूळ मालकाने तक्रार केल्याशिवाय फौजदारी खटला भरता येत नव्हता, आणि मालक बहुतेक वेळा डोळेझाक करतात, कारण उद्याचे मांगाकार याच गर्दीतून तयार होतात. मग २०१८ च्या शेवटी आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या निमित्ताने कायदा बदलला आणि तक्रारीशिवाय खटल्याची सोय आली. चाहत्यांना धडकी भरली होती, पण ती सोय फक्त जशीच्या तशी कॉपी करून पैसे कमावणाऱ्या पायरसीपुरती ठेवली, स्वतः चितारलेली दोजिन्शी त्याबाहेर राहिली. त्याच बदलात कॉपीराइटची मुदत मात्र ५० वर्षांवरून ७० वर नेली, ते मला अजिबात पटलेलं नाही.