टेक डायव्हिंगचा कोर्स: ठिकाण ठरलं, शिकवणारा कळेना

टेक डायव्हिंग, म्हणजे हौशी मर्यादेपलीकडे खोल जाऊन थांबे घेत वर येण्याचं डायव्हिंग, परदेशात कुठे शिकावं असं कोणी विचारलं की मी आधी एकच विचारते: तुमच्यासोबत पाण्यात उतरणारा इन्स्ट्रक्टर कोण, हे लेखी कळलंय का? नसेल तर ठिकाणाचं नंतर बघू. माझा बहुतेक वेळ आणि सगळा संताप याच एका उत्तरापायी गेला.

ठिकाणं निवडणं त्या मानाने सोपं होतं. मला करायचा होता ॲडव्हान्स्ड नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) आणि डीकॉम्प्रेशन प्रोसिजर्स हा टीडीआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या एजन्सीचा जोडकोर्स: ४५ मीटरपर्यंत जायचं आणि ठरलेले थांबे घेत वर यायचं. पॅडी या दुसऱ्या एजन्सीत याच टप्प्याला टेक ४० आणि टेक ४५ आहेत. जीयूई या तिसऱ्या एजन्सीत आधी फंडामेंटल्स टेक पातळीवर पास व्हावं लागतं, तेव्हा टेक १ ला घेतात. मेक्सिकोतले सेनोटे (पाण्याने भरलेले खड्डे आणि गुहा) आणि फ्लॉरिडातले झरे गुहेतलं डायव्हिंग शिकणाऱ्यांनी गाठावेत, मला त्यांची गरज नव्हती. माल्टा आणि गोझोला हिवाळ्यात पाणी १५ अंशांच्या आसपास उतरतं. ड्रायसूटची, म्हणजे आत पाणी न येणाऱ्या सूटची, सवय नसेल तर अर्धं लक्ष सूट सांभाळण्यातच जातं. फिलिपिन्समधल्या सुबिक बेला बुडालेली जहाजं आहेत. इजिप्तमधल्या दाहाबला किनाऱ्यावरून पाण्यात शिरलं की जवळच खोल पाणी मिळतं, बोटीवर अवलंबून राहावं लागत नाही. एकच कौशल्य पुन्हापुन्हा घोटायचं असतं तेव्हा ही फार मोठी सोय आहे.

अडलं ते पुढे. यादीतल्या एका सेंटरचे फोटो उत्तम, उत्तरंही तत्पर. मी विचारलं, शिकवणार कोण? उत्तरात कोर्सचं दरपत्रक आलं. पुन्हा विचारलं. ‘आमचे सगळे इन्स्ट्रक्टर अत्यंत अनुभवी आहेत.’ नाव विचारलं, तर नाव आदल्या आठवड्यात ठरतं, तोवर ॲडव्हान्स भरून जागा पक्की करा. ॲडव्हान्स परत मिळणार नव्हता. एका इन्स्ट्रक्टरकडे किती विद्यार्थी असतील, हे विचारलं तर ‘छोटा ग्रुप’. कोर्स संपला तरी माझी तयारी झाली नाही असं वाटलं तर पुढे काय, यावर ‘काळजी करू नका, सगळे पास होतात’.

या शेवटच्या वाक्याने माझं डोकंच फिरलं. डेको डायव्हमध्ये, म्हणजे थांबे घेत वर यायच्या डायव्हमध्ये, काही बिघडलं तर सरळ वर येता येत नाही, बिघाड खालीच निस्तरावा लागतो. म्हणूनच तर कोर्समध्ये सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून बघतात, मास्क काढायला लावतात, गॅस संपल्याचा सराव करून घेतात. हे करून घेणाऱ्या माणसात ‘अजून नाही’ असं तोंडावर सांगायची हिंमत हवी. सगळे पास होत असतील तर ते कोर्स पास झाल्याचं कार्ड मला काय कामाचं?

यामागचं कारण नंतर लक्षात आलं. टेकचे विद्यार्थी कमी, म्हणून अनेक सेंटर्स गरजेपुरता बाहेरचा इन्स्ट्रक्टर बोलावतात. त्यात गैर काहीच नाही, त्यांच्यातले कित्येक उत्तम असतात. पण मग तसं सांगा! त्याच्याकडे त्या पातळीचं, आज चालू असलेलं शिकवण्याचं रेटिंग आहे का, हे मला आधी तपासायचं असतं. पॅडीच्या प्रो चेक या ऑनलाइन तपासणीवर किंवा त्या त्या एजन्सीला विचारून ते कळतं, पण त्यासाठी हातात नाव तर हवं. मी ॲडव्हान्स भरला नाही. त्यांच्याकडून ‘ऑफर संपत आली’ अशा मेल येत राहिल्या, नाव मात्र शेवटपर्यंत आलं नाही.

दाहाबच्या एका इन्स्ट्रक्टरने उलट मलाच प्रश्न विचारले. शेवटचा डायव्ह कधी केलात, डबल सिलिंडरवर किती उतरला आहात, पाण्यातला व्हिडिओ आहे का, त्यात तुम्ही आडव्या स्थिर राहता का? पहिला दिवस उथळ पाण्यात फक्त पारखण्याचा, जमलं नाही तर खोल जायचं नाही आणि जादा दिवसाचे पैसे वेगळे, हे त्याने आपणहून लिहून दिलं. मी त्याच दिवशी होकार कळवला. कार्ड मिळालं तेव्हा ते कमावलंय असं वाटलं, आणि त्याचा अभिमान मला आजही आहे.

खोल पाण्यासाठी श्वासाच्या गॅसमध्ये मिसळतात त्या हेलियमचंही आधीच विचारा. साध्या हवेवर ४५ मीटर शिकवणारे अजून आहेत, पण तिथे नायट्रोजनची नशा चढते ती चढतेच, शिवाय हवा दाट होऊन श्वास जड जातो. ॲन्थनी आणि मिचेल या संशोधकांनी २०१६ मध्ये श्वासाच्या गॅसची घनता लिटरला ५.२ ग्रॅमपर्यंत ठेवावी, ६.२ च्या वर जाऊ नये असं सुचवलं. साध्या हवेच्या बाबतीत हे म्हणजे अनुक्रमे ३१ आणि ३९ मीटर. हेलियम महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. म्हणून ‘मिळतो का’ एवढ्यावर थांबू नका. कोर्सच्या तारखांना साठा असेल का आणि त्याचा दर काय, हे विचारा. वर येताना थांब्यांवर लागणारा ५० टक्के नायट्रॉक्स आणि शुद्ध ऑक्सिजन फीमध्ये धरलाय का, तेही. बिल इथेच फुगतं. आणि सिलिंडर कोणीही भरून देवो, गॅसमधला ऑक्सिजन स्वतः मोजा. ५० टक्क्यांचा २१ मीटरच्या खाली आणि शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली तोंडात गेला तर झटके येऊ शकतात.

विम्याचे कागद नीट वाचा. नेहमीच्या प्रवास विम्यात बरेचदा ३० किंवा ४० मीटरची मर्यादा असते. वैद्यकीय प्रश्नावलीत एखादं ‘हो’ येणार असेल तर डॉक्टरांची सही घरूनच घेऊन निघा, तिथे पोचल्यावर डॉक्टर शोधत बसू नका. स्वतःचे रेग्युलेटर असतील तर ते डीआयएन (सिलिंडरला आट्यांनी बसणारे) हवेत, जोडीदाराला गॅस देण्याची लांब नळी साधारण २.१ मीटरची.

परतीचं विमानही आधी बघायला हवं. डेको डायव्हनंतर विमानात बसण्याआधी १८ तासांहून बराच जास्त वेळ जमिनीवर काढायचा असतो. मी शेवटचा पूर्ण दिवस मोकळा ठेवला होता. इन्स्ट्रक्टरने मागितला असता तरी तो मी डायव्हिंगला दिला नसता.