लालकंठी आला, पण कसा

सायनला फास्ट लोकल थांबत नाही, म्हणून रविवारी पक्षी बघायला डोंबिवलीहून पहाटेची स्लो. नोव्हेंबर असूनही थंडीचा पत्ता नव्हता. सोबत शेजारचे काका, त्यांची जुनी दुर्बीण आणि माझी डबाभर चटणी-पोळी.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान धारावी डेपोच्या समोर आहे. आधी मिठी नदीचा वास येतो, मग झाडं दिसतात. ३७ एकरांची ही राई जुन्या डम्पिंग ग्राउंडवर वाढवलेली. १९९४ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. काका दरवेळी बुटाच्या टोकाने माती उकरून बघतात, प्लास्टिक निघतंय का म्हणून.

पहिला तास तांबट, दयाळ, शिंपी आणि डास यांत गेला. वटवटे होते भरपूर, पण पानांआडचे ते मातकट जीव ओळखायच्या फंदात मी आता पडत नाही.

मग 'तर्र्र्' ऐकू आलं. लालकंठी माशीमार! पूर्व युरोप, रशियाकडे घरटी करणारा हा जेमतेम दहा ग्रॅमचा जीव हिवाळा काढायला आपल्याकडे येतो. आवाज अगदी जवळून येत होता, दिसत मात्र काही नव्हतं. आम्ही मान वर करून अर्धा तास उभे. काकांच्या मानेला पट्टा लागायचाच बाकी होता.

तेवढ्यात कॅमेरेवाले आले. पाचसहा जण, लष्करी छापाचे कपडे, हातभर लांब लेन्स. एकाने खिशातून छोटा स्पीकर काढला आणि त्याच पक्ष्याचा आवाज लावला. मला संताप आला. हा पक्षी हिवाळ्यातही आपला इलाका राखतो. त्याला वाटतं दुसरा कुणी घुसलाय, मग किडे टिपायचे सोडून तो भांडायला धावतो. नवख्यांना हे ज्ञान मीच देत असतो.

आणि तो आला. माझ्यापासून आठ-दहा फुटांवर, फांदीच्या टोकाला. शेपटी झटकन वर, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं. नर होता. गळ्याचा रंग लाल नव्हेच, पारिजातकाच्या देठाचा नारिंगी. मान इकडेतिकडे वळवत तो त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत होता. शटर खटाखट वाजत होते. दुर्बीण डोळ्यांना लावून मी तोंड मिटून उभा. स्पीकर तीनदा वाजला. तिन्ही वेळा मी पाहिलं.

बाकीची सकाळ आठवत नाही. परतीच्या गाडीत चौथी सीट मिळाली.

"तू बोलला का नाहीस त्यांना?" काकांनी विचारलं.

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

घाटकोपरपर्यंत दोघंही गप्प. मग काका म्हणाले, "गळा मात्र काय दिसला रे!" आणि डबा उघडला.