घासलेट, सळी आणि सातवी इमारत

"सर, घासलेटाने पोलाद वितळत नाही ना? मग ११ सप्टेंबर २००१ला विमानं धडकून न्यूयॉर्कचे ते जुळे टॉवर पडले कसे? आतून स्फोट केलेले." आमच्या रत्नागिरीकडच्या वर्कशॉपमध्ये वेल्डरच्या पोराने हे विचारलं. विमानाचं इंधन म्हणजे घासलेटाचाच भाऊ, एवढं तरी त्याला ठाऊक होतं.

असला प्रश्न तोंडी सोडवू नये. गॅसचा टॉर्चही घेऊ नये; ॲसिटिलीनची ज्योत तीन हजार अंशांवर जाते, पोरं 'ही आग वेगळी' म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार. घासलेटाचा ब्लोलॅम्पच हवा. खाऱ्या हवेने त्याचं नोजल हमखास बुजलेलं. आधी स्टोव्हसारखी पिन मारायची, मग स्पिरिटने डोकं नीट तापवायचं. घाई केली की नुसती काजळी. माइल्ड स्टीलची १० मिलिमीटरची सळी गंज घासून व्हाइसमध्ये आडवी धरायची, अर्धा मीटर बाहेर, टोकाला २ किलो वजन. थंड सळी सेंटिमीटरभरही झुकत नाही. ज्योत व्हाइसला चिकटून लावली तर व्हाइसच उष्णता ओढतो, म्हणून चार बोटं सोडून, मागे फायरब्रिक. रंग दिसावा म्हणून खिडक्या बंद.

मंद लाली आली, म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास, की टोक खाली यायला लागतं. पोलाद वितळायला दीड हजार लागतात, निम्मी ताकद जायला एवढे पुरतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २००५ साली हेच सांगितलं: धडकेने अग्निरोधक लेप उडाला, तापलेले मजले झुकले, त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले. पोलाद वितळून टॉवर पडले, असं ती म्हणालीच नव्हती.

"मग सातवी इमारत?"

टॉवरांच्या शेजारचीच ती, वर्ल्ड ट्रेड सेंटरमधली; पण तिला विमान लागलंच नव्हतं. ४७ मजले, संध्याकाळी ५:२० ला खाली. मी म्हटलं, आगीने तुळया लांबल्या, आधार सुटले, ७९ नंबरचा खांब गेला; मुक्तपतन, म्हणजे खाली काहीच आधार नसल्यासारखं पडणं, वगैरे काही नाही. पोराने मोबाइल पुढे केला. एनआयएसटीचाच नोव्हेंबर २००८चा अंतिम अहवाल: सव्वादोन सेकंद, सुमारे आठ मजल्यांइतकं, मुक्तपतन. मी ऑगस्टच्या मसुद्यातलं उत्तर देऊन बसलो होतो! एनआयएसटीने आधी ठासून नाही म्हणायचं, मग शाळेतल्या एका फिजिक्सच्या शिक्षकाने मोजून दाखवलं की दुरुस्ती करायची. आपल्या खात्यांनाही हीच खोड. निष्कर्ष टिकला, पण पोरांना तेवढी फटच दिसते.

मग स्फोटाशिवाय मुक्तपतन कसं? आतला सांगाडा आधीच कोसळला होता, मग बाहेरचे खांब वाकले, आणि वाकलेला खांब जवळपास काहीच तोलत नाही. हे दाखवायला सळी कामाची नाही. कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन उभा ठेवून हलक्या पोराला त्यावर सावकाश एका पायावर उभं करायचं. कॅन तोलतो. दोन्ही बाजूंनी पट्टीने जरा टोचलं (बोटाने नको, सापडतं) की क्षणात चपटा. पोचा असलेला कॅन टोचण्याआधीच बसतो. त्या दिवशी टपरीवरून आणलेल्या तिनांत एकच धड निघाला.