आज मळमळलं नाही

सकाळी दोन आंबोळ्या खाल्ल्या. चटणीसकट. वर चहा, तोही आल्याचा नाही, साधाच. एसटीत उभी राहून शाळेत गेले, रस्त्यातले सगळे खड्डे अंगावर घेत, आणि पर्समधल्या आवळासुपारीची आठवणही झाली नाही. दुसऱ्या तासाला शेजारच्या खोलीत पोषण आहाराच्या खिचडीला फोडणी पडली. शाळा सुरू झाल्यापासून त्या फोडणीला मी रोज पदर नाकाला लावते आणि मुलांना 'पाढे म्हणा' सांगून दारात जाऊन उभी राहते. आज दारात गेलेच नाही. मुलांनी पाढे न म्हणताच तास संपला.

मधल्या सुट्टीत लक्षात आलं, की आज मळमळलं नाही.

दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर पुढचं वाक्य 'हुश्श' असं असतं. माझ्या हातापायांतलं बळ गेलं.

मागच्या वेळी दिवस गेले होते तेव्हाही असंच झालं होतं. एके दिवशी उठले तर पोट अगदी शांत. सगळे म्हणाले, चला, सुटलीस एकदाची. मीही म्हटलं, सुटले. तपासणीच्या दिवशी कणकवलीच्या स्टँडवर बटाटावडा खाल्ला होता, मिरची चावून. किती दिवसांनी असा खमंग वास सोसवतोय म्हणून नवऱ्याला हसून दाखवलं होतं. त्यानंतर तासाभरात मी सोनोग्राफीच्या खोलीत आडवी होते आणि भिंतीवरचा बोर्ड वाचत होते. इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. १९९४ चा कायदा, शिक्षा, दंड, सगळं वाचलं. पुन्हा वाचलं. कुणीच काही बोलत नव्हतं तर दुसरीकडे बघायचं तरी कुठे?

ते जाऊ दे.

प्रश्न आजचा आहे. बरं वाटतंय याची भीती वाटणं हा काय प्रकार आहे, हे मला स्वतःला नीट कळत नाही म्हणून लिहितेय. डोकं दुखलं तर माणूस घाबरतं. माझं काहीच दुखत नाही म्हणून मी शाळेच्या बाथरूमची कडी लावून स्वतःला चाचपत उभी. छाती काल दुखत होती तेवढीच दुखतेय का? उजवीकडे दुखली. डावीकडे जरा कमी वाटली. पुन्हा दाबून बघितली. आता दाबून दाबूनच दुखायला लागली असेल तर? बाहेरून चौथीतली एक मुलगी कडी वाजवते, 'बाई, बाई, लवकर', आणि बाई आत स्वतःचा पंचनामा करतायत.

शिवाय त्या दुखण्यावर तरी विश्वास कुठे ठेवायचा? रात्री गर्भ टिकावा म्हणून दिलेली प्रोजेस्टेरॉनची गोळी असते. तिच्यानेही छाती दुखते, पोट फुगतं, झोप येते. म्हणजे जी लक्षणं मी साक्षीदार म्हणून उभी करते, त्यातली निम्मी गोळीने फितवलेली.

आणि मला सगळं माहीत आहे, हीच गंमत. डॉक्टरबाईंनी मागच्या वेळेनंतर कागदावर चित्र काढून समजावलं होतं. एचसीजी नावाचं ते संप्रेरक आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान सगळ्यात वर जातं आणि मग उतरायला लागतं. मळमळही बहुतेकींची त्याच सुमाराला हटते. तोपर्यंत बाळाला पोसणारी वार तयार होऊन तिने आपला कारभार हातात घेतलेला असतो. माझं आत्ता नेमकं तेच चाललंय, हिशोबाने बघायचं तर. त्या असंही म्हणाल्या होत्या, की कळलेल्या शंभर गरोदरपणांत दहा-पंधरा तरी जातात, आणि सुरुवातीला जाणाऱ्यांतली निम्मी तरी गुणसूत्रांच्या गडबडीने. त्यात एसटी नाही, पपई नाही, तू उचललेली बादली नाही. मी बादलीबद्दल विचारलं होतं. पुन्हा विचारलं होतं. त्यांनी न कंटाळता परत सांगितलं आणि वर म्हणाल्या, मळमळ असूनही जातं आणि नसूनही राहतं, तिच्यावर जाऊ नकोस.

जाऊ नकोस म्हणे. मग कशावर जाऊ? पोट दिसत नाही, आतलं हलणं कळायला अजून कितीतरी अवकाश. ठोके दिसले, पण मागच्या वेळीही दिसले होते. एका तपासणीपासून दुसऱ्या तपासणीपर्यंत माझ्याकडे ती मळमळच तेवढी होती. सकाळी मोरीवर ओणवी होऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ओकले की तोंड धुताना मनात म्हणायचे, आहे. आजचा दिवस आहे.

फोनमध्ये ॲप नाही या वेळी. मागच्या वेळचं काढायचं राहून गेलं, आणि ते बिचारं इमानेइतबारे दर आठवड्याला... असो. त्यात आठवड्याआठवड्याला फळं दाखवायचे, बाळ आता एवढं म्हणून. ऑलिव्ह! आचऱ्यात बसून मला ऑलिव्ह काय कळणार? करवंद म्हणा, रतांबा म्हणा, आमच्यापर्यंत पोचेल असं काहीतरी म्हणा. या आठवड्यात रतांब्याएवढं असेल. असावं.

मधल्या सुट्टीतच नवऱ्याला फोन केला. रेंज येत-जात होती, जिन्याखाली उभी राहिले. 'अगं मग चांगलंच आहे की,' तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाला, 'गुरुवारची तपासणी लांब नाही आता.' म्हणजे त्यालाही तेच आठवलं होतं. पण तो बोलणार नाही. मागच्या वेळीही बोलला नाही, गाडी तेवढी हळू चालवली. त्याबद्दल मला अजून काहीतरी म्हणायचं आहे, आज नको.

शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. स्कूटी का सोडली म्हणून विचारतात, तर पावसात घसरते म्हणते. गावातल्या आशाताईंना बाराव्या आठवड्याच्या आत नोंद हवी असते, आणि घरात तीन महिने पुरे होईस्तोवर ओठ उघडायचे नाहीत. सरकारचे बारा आठवडे आणि आयेचे, म्हणजे सासूबाईंचे, तीन महिने यांचं गणित जुळवत मी तिठ्यावर आशाताई दिसल्या की छत्री पुढे धरते. त्या हुशार आहेत. छत्रीखालून माझ्या पायांकडे बघून पुढे जातात, हाक मारत नाहीत.

तिसऱ्या तासाला तर मला स्वतःचीच फार कीव आली. वाटलं, बाकीच्यांना दिवस जातात तेव्हा डोहाळे पुरवतात, मला साधं घाबरायलासुद्धा शाळेची बाथरूम शोधावी लागते. आईला फोनवर सांगावं तर ती रडेल. जावेला सांगावं तर ती 'विचार करू नको' म्हणेल, जसा काही मी विचार नेमाने वेळ काढून करतेय. आणि घरात आये. ती तर आठवडाभर मुद्दाम केल्यासारखं करतेय.

बांगड्याचं म्हणते मी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, ताजं म्हावरं जवळपास नाहीच, म्हणजे घरोघर बरणीतली सुकी मासळी निघाली. ठीक आहे. सोड्यांचं कालवण कर, सुकटीची चटणी कर. पण खारा बांगडाच! आणि तोही पडवीतल्या चुलीत, निखाऱ्यांवर. पावसाने बाहेरची हवा जड, धूर वर जात नाही, तो वास घरभर बसतो. चादरींना बसतो. गेला आठवडा रोज संध्याकाळी मी शाळेतून पायरी चढतेय, तो वास येतोय, मी छत्री टाकून तशीच मागीलदारी पळतेय. आणि आये चुलीपाशी बसल्याजागी मान वळवून बघणार, काही बोलणार नाही, चिमट्याने बांगडा परतणार. मनात आलं नाही असं नाही, की हिला एवढंही कळू नये? मागच्या वेळीसुद्धा दवाखान्यातून आल्यावर ती एवढंच म्हणाली होती, 'होता असा. देवाक काळजी.' आणि ताट वाढलं होतं. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

आज संध्याकाळी पायरीवर पुन्हा तोच वास.

आत गेले. पळाले नाही. पडवीच्या उंबऱ्यावर उभी राहून मुद्दाम श्वास घेतला, जोरात, छाती भरून. व्हावं काहीतरी म्हणून. खारट, जळका, तेलकट वास. बस, वासच. तोंडाला किंचित पाणी सुटलं, आणि तेही उलटीचं नव्हे, भुकेचं!

आयेने मान वळवली. 'काय गो, आज पळालंस नाय ता?'

'नाही.'

तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला. बांगड्याची एक कड काळी पडायला लागली तरी ती माझ्याच तोंडाकडे बघत होती. आणि तेव्हा मला एकदम आठवलं, की आज सोमवार. सोमवारी आमच्याकडे शिवराक. या घरात सोमवारी अंड्याचं टरफल चालत नाही, आणि ही बाई बांगडा भाजत बसलीय.

'आये, आज सोमवार ना?'

'मांजराक घालतंय,' ती म्हणाली.

मांजर आमच्या दोघींच्या मधोमध बसलं होतं आणि त्याला स्वतःच्या भाग्यावर विश्वास बसत नव्हता. त्याला आजवर या घरात काटा आणि डोकं याच्यापलीकडे काही मिळालेलं नाही. आयेने अख्खा बांगडा, भाजलेला, त्याच्या पुढ्यात टाकला आणि फुंकणीने उगाच निखारे सारखे केले.

म्हणजे रोज संध्याकाळी ती तेच बघत होती. मी पळते का. मी सकाळी मोरीवर जे मोजत होते, ते ती संध्याकाळी चुलीवर मोजत होती. आणि मी तिला आठवडाभर मनातल्या मनात काय काय बोलून घेतलं!

राग यायला हवा होता खरा. माझ्यावर प्रयोग चाललेत, तेही बांगड्याचे. पण मला हसू फुटलं, बसून घ्यावं लागलं इतकं. आये आधी घाबरली, मग तिलाही कळलं असावं, कारण ती 'गप गो' म्हणत पदराने तोंड पुसायला लागली. तिचं ते पुसणं जरा लांबलं. मोठे भावोजी आणि माझा नवरा यांच्या वयांत बरंच अंतर आहे. त्या मधल्या वर्षांत काय होतं, हे मी कधी विचारलेलं नाही आणि आजही विचारलं नाही.

मग मी तिला एचसीजी सांगितलं. आठवा आठवडा, अकरावा आठवडा, वार, सगळं, डॉक्टरबाईंसारखं. चुलीतल्या कोळशाने जमिनीवर रेघ चढती आणि उतरती काढूनसुद्धा दाखवली. स्वतःला समजावून पटत नव्हतं ते तिला समजावताना थोडं पटल्यासारखं वाटलं. मास्तरकीचा एवढा तरी उपयोग. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, 'मगे वास नाय इलो तरी चलता?' म्हटलं, चालतं. 'नक्की?' म्हटलं, डॉक्टर म्हणतात. 'डागतर म्हणतंत,' ती म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत तिचा डॉक्टरांवर जेवढा विश्वास आहे तेवढाच माझाही आहे.

भीती गेली का? नाही. आत्ता रात्री लिहिताना एक हात छातीवर आहेच, आणि डावी बाजू अजून मला पटलेली नाही. जेवणात मऊभात, कुळथाची पिठी, पापड, सगळं जिरलं. ओकारी नाही. गोळी घेतली. पण दुपारी शाळेत मी एकटी होते तशी आता नाही, एवढं मात्र झालंय. घरात आणखी एक माणूस तितकंच बिनबुडाचं गणित करत बसलंय आणि तेही माझ्याइतकंच कच्चं आहे.

झोपायला जाताना आये दारात येऊन उभी राहिली. 'गुरवारी माका पण घेवन चल.' मागच्या वेळी ती आली नव्हती. कशाला म्हणून विचारलं असतं तर तिने उत्तर तयारच ठेवलं होतं, न विचारताच दिलं: 'माज्या डोळ्यांचो नंबर बघूचो आसा.'

आता शेजारी-पाजारी हेच सांगायचं, की आयेच्या डोळ्यांसाठी आम्ही तिघं कणकवलीला चाललोय. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग तिला खरंच दाखवून घेऊ, पोथी वाचताना हल्ली ओळी गाळते. तेही खरंच आहे. सकाळी नंबर लावायला फोन करायचाय, दोन्ही ठिकाणी.