कथेचा दुसरा खर्डा: कोणाला काय ठाऊक आहे?

पहिला खर्डा हातावेगळा झाला की बहुतेक नवे लेखक लगेच भाषा घासूनपुसून घ्यायला बसतात. विशेषणे कमी होतात, एखादे वाक्य वरून खाली जाते, शब्दांची पुनरुक्ती टळते आणि बऱ्याच मेहनतीनंतर हाती येते ती तीच कथा, फक्त अधिक नीटनेटकी. नव्या लेखकांची हस्तलिखिते मी बरीच वर्षे वाचत आले आहे आणि त्यावरून माझे असे मत झाले आहे की भाषेची दुरुस्ती हे पुनर्लेखनातील शेवटचे काम आहे. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर पानोपानी शोधावे लागते: या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे? पात्राला, त्याच्या समोरच्या पात्राला, निवेदकाला आणि वाचकाला. या चौघांच्या माहितीत फरक पडत जातो म्हणून कथा पुढे सरकते; नुसत्या घटना घडत राहिल्याने ती सरकत नाही.

उदाहरणादाखल एक कथाबीज घेऊ. वडिलांच्या निधनानंतर त्यांचे घर आवरण्यासाठी भाऊ आणि बहीण काही दिवस एकत्र आले आहेत. कपाटाच्या आतल्या खणात वडिलांची काही पत्रे होती. ती बहिणीने आधीच काढून घेतली आहेत, कारण शेवटच्या आजारपणात वडिलांनीच तिला तसे सांगितले होते. पत्रे होती एवढे भावाला ठाऊक आहे. ती कुठे गेली हे ठाऊक नाही. पहिल्या खर्ड्यात लेखक बहुधा दोघांच्याही मनात आलटूनपालटून डोकावतो, कारण त्याला दोघांचेही सांगायचे असते. एका परिच्छेदात भाऊ खण उघडून चकित होतो, पुढच्या परिच्छेदात बहिणीला अपराधी वाटते, आणि कथेतील ताण विस्कटून जातो. वाचकाने कशाची वाट पाहायची, भावाला उलगडा होण्याची की बहिणीने तोंड उघडण्याची, हे लेखकानेच ठरवलेले नसते.

हीच कथा केवळ भावाच्या दृष्टिकोनातून लिहिली तर वाचकाला त्याच्याइतकेच दिसेल: बहिणीने विषय बदलणे, कपाट आवरण्याचे काम आपणहून मागून घेणे, एका प्रश्नाला उत्तर द्यायला नको तितका वेळ लावणे. ही शंकेची कथा होईल. तिच्यातला धोका असा की वाचक भावाच्या पुढे धावतो. त्याला सारे उमगलेले असताना भाऊ आणखी चार पाने चाचपडत राहिला तर तो भाबडा न वाटता मंद वाटू लागतो. बहिणीच्या दृष्टिकोनातून लिहिली तर पत्रे तिच्याकडे आहेत हे वाचकाला सुरुवातीच्याच पानांत कळले पाहिजे, आणि मग ‘पत्रे कुठे आहेत’ हा प्रश्न मागे पडून ‘ती सांगेल का, आणि सांगितले तर या दोघांचे काय होईल’ हा प्रश्न उभा राहील. माझ्या मते दुसरी कथा अधिक खोल जाऊ शकते, परंतु तो आवडीचा भाग झाला. महत्त्वाचे हे की या दोन निरनिराळ्या कथा आहेत आणि त्यांतील एकीची निवड दुसरा खर्डा सुरू करण्यापूर्वी झाली पाहिजे.

बहिणीच्या मनात शिरून, तिच्या आठवणी, तिची झोपमोड, तिची चीडचीड सारे सांगून, पत्रांची गोष्ट मात्र शेवटच्या परिच्छेदापर्यंत दडवून ठेवणे हा प्रकार मला अनेक हस्तलिखितांत आढळतो. लेखकाला त्यात कलाटणी दिसते; वाचकाला फसवणूक जाणवते. पात्राच्या मनात आपण वावरत असताना त्या मनात सर्वांत वर असलेली गोष्टच तेवढी दिसू नये, याला कथेच्या आत कोणतेही कारण नसते. निवेदकाने वाचकापासून काही दडवूच नये असा याचा अर्थ नव्हे. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या एका कादंबरीवरून त्या काळी वाचकांशी प्रतारणा झाली की नाही असा वाद झाला होता. तिथे निवेदक स्वतः हकिकत लिहितो आहे, त्यामुळे काय लिहायचे आणि काय गाळायचे याला कथेतच आधार आहे, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्याची मोक्याची वाक्ये शब्दशः खरी असल्याचे ध्यानात येते. इतकी तयारी असेल तर दडवावे. नसेल तर माहिती लवकर देऊन टाकणेच उत्तम, कारण आधी कळल्याने गोडी जाते ही समजूत चुकीची आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये सोफोक्लीसचे ईडिपसवरील नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकांना ती दंतकथा आधीच परिचित होती. नायक स्वतःच्याच अपराधाचा तपास करतो आहे हे त्यांना ठाऊक होते आणि त्याला नव्हते. त्या नाटकाची सारी भीषणता या अंतरातूनच येते.

वाचकाला अधिक कळते आणि पात्राला ते समजण्याचे वयच नसते, अशीही रचना असते. हेन्री जेम्स यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका कादंबरीत घटस्फोटित आईवडिलांमध्ये वाटून घेतलेल्या मुलीच्या जाणिवेतून सारे घडते. ती खूप पाहते, परंतु पाहिलेल्याला नाव देण्याइतके शब्द तिच्याकडे नाहीत. म्हणून निवेदन तृतीयपुरुषी आहे: पाहणे मुलीचे, भाषा निवेदकाची. लहान मुलाच्या तोंडून प्रथमपुरुषी कथा लिहू पाहणाऱ्यांनी हा मार्ग जरूर तपासून पाहावा. सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी प्रौढ निष्कर्ष घालण्याचा मोह तिथे आपोआप टळतो.

प्रत्यक्ष कामाची पद्धत अगदी सोपी आहे. खर्डा छापून घ्यावा, रुंद समास ठेवावा आणि प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी समासात लिहावे: या प्रसंगामुळे कोणाला नवे काय कळले? भावाला खण रिकामा असल्याचे कळले. बहिणीला भावाचा संशय कळला. वाचकाला वडिलांचा शेवटचा निरोप कळला. ज्या प्रसंगापुढे लिहायला काहीच सुचत नाही, तो प्रसंग संशयास्पद समजावा. लगेच कापू नये. काही प्रसंग वातावरणासाठी किंवा वाचकाला श्वास घेता यावा म्हणून आवश्यक असतात. तथापि असे सलग तीन प्रसंग आले तर कथा तिथे थांबली आहे, हे मान्य करावे. प्रसंग उभा करायचा की सारांशाने सांगायचे, या नेहमीच्या अडचणीचे उत्तरही या नोंदींतूनच मिळते. जिथे माहितीचा तोल बदलतो तिथे पूर्ण प्रसंग हवा: माणसे, जागा, बोलणे, मौन. जिथे तो बदलत नाही तिथे ‘पुढचे दोन दिवस दोघांनी कामापुरतेच बोलण्यात घालवले’ एवढे एक वाक्य पुरते. पहिल्या खर्ड्यात बरेचदा नेमके उलटे झालेले असते. प्रवास, चहा आणि नमस्कार-चमत्कार तपशिलाने येतात, आणि ज्या भांडणासाठी कथा लिहिली ते एका परिच्छेदात उरकलेले असते, कारण ते लिहिणे अवघड असते.

संवादांनाही हीच कसोटी लावावी. ‘तुला ठाऊकच आहे की बाबांनी पंधरा वर्षांपूर्वी नोकरीचा राजीनामा दिला आणि तेव्हापासून घराची जबाबदारी माझ्यावर आली,’ असे कोणतीही बहीण भावाला सांगणार नाही. ते वाक्य भावाशी बोलतच नाही, वाचकाशी बोलते. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट माणसे फक्त काही कारणांनीच उच्चारतात: टोचण्यासाठी, आठवण करून देण्यासाठी, किंवा समोरच्याची आठवण वेगळी आहे म्हणून. ‘पंधरा वर्षे झाली, अजून त्या राजीनाम्याचे बिल माझ्याच नावावर फाडतोस,’ या वाक्यातून वाचकाला राजीनामा कळतो, काळ कळतो, आणि हे भांडण पूर्वीही झाले आहे हेही कळते. दृष्टिकोन एकदा पक्का झाला की ‘त्याच्या लक्षात आले की’, ‘तिला असे वाटले की’ ही उपवाक्येही बहुतांशी गळून पडतात. ‘खण रिकामा होता’ एवढे पुरेसे असते, कारण ते कोण पाहत आहे हे वाचकाला ठाऊक आहे.

हे सारे झाल्यावर कथा एखाद्या जाणत्या वाचकाला द्यावी, परंतु ‘आवडली का’ असे विचारू नये. त्या प्रश्नाला माणसे सौजन्याने उत्तर देतात आणि लेखकाच्या हाती काही लागत नाही. कथा मध्यावर थांबवून विचारावे: पत्रे कुठे असतील असे वाटते? बहीण कशाला घाबरते आहे? पुढे काय होईल? उत्तरे चुकीची आली तरी चालतील, किंबहुना काही ठिकाणी ती चुकीचीच यायला हवीत. परंतु वाचकाला काही अंदाजच बांधता आला नाही, तर त्याला अंदाज बांधण्याइतकी माहिती आपण दिलेलीच नाही.

मग कथा पाठवावी. नियतकालिकाचे किमान दोन-तीन अंक वाचून पाठवावी, एकच कथा एका वेळी अनेक ठिकाणी चालते का ते आधी पाहावे, कुठे केव्हा पाठवली याची नोंद ठेवावी आणि उत्तराची वाट पाहत न बसता पुढची कथा सुरू करावी. ‘साभार परत’ या दोन शब्दांमधून कथेविषयी काहीही कळत नाही. मात्र संपादकाने हाताने एक ओळ लिहिली असेल तर ती गांभीर्याने घ्यावी आणि त्याच संपादकाला पुढची कथा अवश्य पाठवावी. उपजीविकेचे साधन लेखनाबाहेर असण्यात कमीपणा नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप १८३४ ते १८६७ या काळात ब्रिटिश टपाल खात्यात नोकरीला होते आणि कामावर जाण्यापूर्वी पहाटे, घड्याळ समोर ठेवून, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द या गतीने लिहीत. ती गती प्रत्येकाला मानवणार नाही, परंतु ठरलेली वेळ बहुतेकांना मानवते.

पुस्तक होण्याची वेळ आली की आपल्याला काय ठाऊक आहे हा प्रश्न लेखकाने स्वतःलाही विचारला पाहिजे, आणि इथे मला कळकळीने सांगायचे आहे, कारण या टप्प्यावर आनंदाच्या भरात न वाचता सही करणारे लेखक मी पाहिले आहेत. लेखकांच्या हक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांत लेखनाचा स्वामित्वहक्क लिहिताक्षणी लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते, आणि लेखनाबाबत सर्वसाधारणपणे लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर किमान ५० वर्षे तो टिकतो. प्रकाशकाला द्यायचा असतो तो या हक्काचा एक भाग. म्हणून करारपत्रात भाषा कोणती, छापील आवृत्तीच की ई-पुस्तकही, मुदत किती, आणि अनुवाद, श्राव्य पुस्तक व चित्रपट यांचे हक्क कोणाकडे, हे स्वतंत्रपणे लिहिलेले असावे. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशी मोघम ओळ असेल तर ती बदलून मागावी. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर, हे विचारावे, कारण टक्केवारी तीच राहूनही हाती येणाऱ्या रकमेत मोठा फरक पडतो. विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा मिळेल हे ठरवून घ्यावे. आणि आवृत्ती संपल्यावर ठरावीक काळात प्रकाशकाने पुनर्मुद्रण केले नाही तर हक्क लेखकाकडे परत येतील, असे कलम मसुद्यात नसल्यास सही करण्यापूर्वी ते लेखी मागून घ्यावे.