चिऊच्या खोलीचा जमाखर्च

शुक्रवार

सुतार चिऊच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, खोलीचं माप घेऊन गेला आणि संध्याकाळी त्याने फोनवर आकडा सांगितला, ८५,०००. त्यात पलंग, दोन दारांचं कपाट, अभ्यासाचं टेबल आणि भिंतभर शोकेस. शोकेसमध्ये काय ठेवायचं ते काही कळलं नाही. या कामासाठी आम्ही बाजूला काढलेत १५,०००, आणि जूनमध्ये फी, गणवेश, स्कूलबस सगळं एकदम अंगावर येणार आहे. नवरा म्हणाला, "मग राहू दे, पुढच्या वर्षी बघू." गेल्या वर्षीही आम्ही हेच म्हणालो होतो.

खोली पुण्यात धायरीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या अंगाला, दहा बाय आठ. राहायला आलो तेव्हापासून ती सामानाची खोली. बॅगा, जुना कूलर, सासूबाईंचं शिवणयंत्र, स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवल्यावर बाहेर काढलेली भांड्यांची स्टीलची मांडणी, आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली खोकी. चिऊ दुसरी पास झाली. तिच्या वस्तू सगळ्या घरभर पसरलेल्या: पुस्तकं हॉलमध्ये, रंग डायनिंग टेबलावर, भातुकली आजीच्या पलंगाखाली.

शनिवार

मावशीला फोन केला. ती कोसबाडला बालवाडीचं शिक्षण घेऊन आलेली, आयुष्यभर बालवाडीच चालवली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं (तेच पुढे कोसबाडला गेलं), तेव्हा मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हतीच. मग शंख-शिंपले, बिया, पानं, गोटे घेऊन मुलांना मोजायला आणि जुळवायला शिकवलं. मावशी त्याच मुशीतली. मला वाटलं, ती कुठलं टेबल घ्यावं ते सांगेल. ती म्हणाली, "आधी मला सांग, पोरगी झोपते कुठे?"

आजीजवळ. अजून वर्ष-दोन वर्षं तरी तिथेच झोपेल.

"मग पलंगापासून कशाला सुरुवात करताय? खोली रिकामी कर, तिला मध्ये बसव आणि तिचा हात कुठवर जातो ते बघ. पैसे त्याच्या आतच घाल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलाची खोली म्हटली की जाहिरातीत आधी पलंग दिसतो. त्याला गाडीचा नाहीतर किल्ल्याचा आकार, वर चढायला शिडी. आपल्याकडे सात-आठ वर्षांची किती पोरं एकटी झोपतात? ती दिवसभर जमिनीवर असतात. पालथं पडून चित्रं काढतात, भातुकली मांडतात, सतरंजीवर दुकान थाटतात. खोलीतली सगळ्यात महागडी वस्तू तीच, जी ती सगळ्यात कमी वापरणार.

संध्याकाळी चिऊला भिंतीला टेकवून उभं केलं. तीन फूट दहा इंच. पेन्सिलने चारही भिंतींवर चार फुटांवर रेघ मारली. ठरलं असं की रेघेखालची खोली तिची, वरची घराची. बॅगा, रजया, दिवाळीचे आकाशकंदील सगळं वर माळ्यावर आणि उंच फळ्यांवर. खाली आमची एक वस्तू राहणार नाही, आणि तिला रोज लागणारी एकही वस्तू वर जाणार नाही. चिऊने लगेच विचारलं, "म्हणजे कूलर माझा?"

रविवार

कूलर भंगारवाल्याकडे गेला. रद्दी, लोखंड, दोन तुटक्या खुर्च्या मिळून ६४० रुपये आले, ते जमेच्या बाजूला. (शिवणयंत्र सासूबाईंच्या खोलीत गेलं. त्यावर चर्चा झाली, ती इथे लिहीत नाही.)

सोमवार

रंग. भिंतीला मागच्या पावसाळ्यात ओल आलेली, कोपऱ्यात पोपडे. त्यावर नुसता रंग मारला तर ऑगस्टमध्ये पुन्हा पोपडे. म्हणून आधी खिडकीच्या बाहेरच्या बाजूची भेग सिमेंटने बुजवून घेतली, पोपडे खरवडले आणि भिंत चार दिवस उन्हावर नि पंख्यावर सोडून दिली. मे महिन्याचा एवढा एक फायदा.

रंगवाला इमल्शनचा आग्रह धरून होता. आम्ही ऑइल बाउंड डिस्टेंपर घेतला. स्वस्त आहे, ओल्या फडक्याने पुसता येतो, आणि चिऊ दोन वर्षांत त्यावर काय-काय काढणार ते आम्हाला माहीत आहे. फिकट पिवळा. तिला जांभळा हवा होता, म्हणून जांभळी फक्त चार फुटांची रेघ.

खिडकीच्या गजांचा मात्र मला घोर लागला होता. इमारत जुनी, गजांवर ऑइल पेंटचे थरावर थर. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवायचा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात काय असेल ते कोण सांगणार! गजांना कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही, पाणी लावून घासायचं, खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि चिऊला तेवढ्या दिवसापुरतं मावशीकडे पाठवायचं, असं मी रंगाऱ्याला बजावलं. तो हसला. पण घासलं पाणी लावूनच. नव्या डब्यावर शिशाबद्दल काय छापलंय ते वाचूनच गजांचा रंग घेतला. भिंतीचा नि गजांचा रंग, पुट्टी, मजुरी मिळून २,६०० गेले. निम्मं काम नवऱ्याने केलं म्हणून एवढ्यात झालं.

गुरुवार

आज ती स्टीलची मांडणी. तिच्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण सबंध खोलीत मला तीच सगळ्यात आवडली आहे.

पुस्तकांसाठी शेल्फ शोधत होते. दुकानात जे मिळतं ते बहुतेक दाबलेल्या भुशाचं, वरून चकचकीत. शेजारच्या काकूंकडे तसलं एक आहे. दोन पावसाळ्यांत खालची कड फुगून पावासारखी वर आली आहे. दर ३,२०० पासून पुढे. आणि इकडे मांडणी, भंगारवाल्याने "ताई, स्टील पातळ आहे" म्हणून दीडशे रुपये भाव केलेला.

घासून-पुसून उभी केली आणि चिऊ तिच्यासमोर बसली. मी एकही सूचना न देता तिने कामाला सुरुवात केली. ताटाळ्यात तिची पातळ चित्रांची पुस्तकं उभी बसली, एका खाचेत दोन-दोन, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी. शेल्फमध्ये ही पुस्तकं एकमेकांवर कलंडतात आणि हवं ते सापडत नाही म्हणून ती वाचलीच जात नाहीत. इथे ताटं जशी ओढून काढतो तसं एक ओढलं की निघतं. चमचाळ्यात पेन्सिली, खडू, कात्री. कपांच्या हुकांना डब्याची पिशवी, उड्या मारायची दोरी आणि एक टोपी. वाट्यांच्या फळीवर श्रीखंडाचे रिकामे डबे, आत मणी, गोट्या, शेंगदाण्याएवढे प्राणी. डब्यांवर नावं लिहायची गरज नाही, झाकण पारदर्शक आहे. तळाच्या रुंद फळीवर, जिथे पूर्वी पातेली उपडी असायची, तिथे भातुकली.

दोन गोष्टी मात्र आधी केल्या. पत्र्याच्या कडा बोटाला लागत होत्या, त्या कानशीने घासून वर रबराची पट्टी चढवली. आणि मांडणी नुसती टेकवून ठेवली नाही. भिंतीत ड्रिलने भोकं पाडून, गिट्ट्या ठोकून चार स्क्रूने आवळली. पोरं फळीवर पाय देऊन चढतातच. तशात वरची फळी भरलेली असली तर सगळंच अंगावर यायचं. प्लास्टर भुसभुशीत निघालं, एक स्क्रू बसेना, मग दोन इंच बाजूला घेतला. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्या लग्नात आलेली आहे ती." मला वाटलं, आता वाईट वाटेल. तर त्या म्हणाल्या, "तेव्हा पण एवढी नीट लावली नव्हती."

शनिवार

बोहरी आळीत गेलो. रविवार पेठेत गाडी लावायला जागा नाही, म्हणून स्वारगेटहून रिक्षा. खुंट्या, कोनाच्या पट्ट्या, बिजागऱ्या, लहान चाकं, स्क्रूची पुडी, सगळं एका गल्लीत. किलोवर खिळे घेणाऱ्या कंत्राटदारांच्या गर्दीत आम्ही सहा खुंट्या मागत होतो, तरी दुकानदाराने तीन प्रकारच्या काढून दाखवल्या. ७४० रुपये.

खुंट्या चिऊच्या खांद्याच्या उंचीवर लावल्या. दप्तर, रेनकोट, नाचाच्या क्लासची ओढणी. कपाट नवीन घेतलंच नाही. आमच्या लोखंडी कपाटाचा खालचा खण तिला रिकामा करून दिला. घडी घातलेले फ्रॉक खाली, शाळेचे कपडे डाव्या बाजूला. लहान मुलाच्या कपड्यांना टांगायला दांडी लागत नाही, घडी लागते. ती घडी वेडीवाकडी असेल, असू दे.

चाकं सफरचंदाच्या लाकडी खोक्यांना लावली. दोन खोकी, आत ठोकळे आणि बाहुल्या, पलंगाखाली सरकतील अशा उंचीची. पलंग अजून यायचाच आहे.

मंगळवार

टेबल. ८५,००० वाल्या सुतारालाच पुन्हा बोलावलं आणि फक्त एक फळी मागितली. तो नाराज झाला, पण माणूस भला. एका घरचं काम संपून उरलेला १८ एमएमच्या प्लायचा तुकडा त्याच्याकडे होता, तीन फूट बाय पावणेदोन. कडेला लाकडाची पट्टी मारून, बिजागरीने भिंतीला लावून, खाली दोन घडीच्या पट्ट्या. खेळताना टेबल खाली पाडलं की पूर्ण जमीन मोकळी. १,९०० घेतले.

उंची ठरवायला तिला खुर्चीवर बसवलं, कोपर दुमडायला सांगितलं, आणि कोपराच्या बरोबरीने खूण केली. खुर्ची मोठ्या माणसाची, जुन्या फर्निचरवाल्याकडून ४०० ला आणलेली, त्यामुळे पाय लोंबकळत होते. लोंबकळते पाय म्हणजे दहा मिनिटांत चुळबूळ. पायाखाली जेवणाचा पाट दिला. प्रश्न मिटला. सुताराला सांगून दोन-दोन इंच वर आणखी दोन ओळी भोकं पाडून ठेवली आहेत. ती वाढली की फळी वर सरकवायची. हे त्याला इतकं पटलं की दुसऱ्या घरी पण करणार म्हणाला.

दिव्याची नळी बदलली, ३५०. ती उजव्या हाताने लिहिते म्हणून टेबल असं लावलं की खिडकीचा उजेड डावीकडून पडेल.

शुक्रवार

गादी आणि पलंग, शेवटी.

सासूबाईंकडे कापसाची जुनी डबल गादी होती, मध्ये खड्डा पडलेली. ती गादीवाल्याकडे नेऊन पिंजून घेतली. यंत्रातून निघालेला तो कापूस बघायला चिऊला नेलं होतं, ती पंधरा मिनिटं तोंड उघडं टाकून उभी. जुन्या कापसात धूळ आणि तुकडे जाऊन घट येते, पण सहा बाय तीनची एक गादी भरपूर झाली, दहा किलोच्या आसपास. उरल्यात दोन उशा आणि एक तक्क्या. पट्ट्यापट्ट्यांची नवी खोळ आणि मजुरी धरून १,८५०. फोमची गादी यापेक्षा महाग पडली असती आणि दोन वर्षांनी पिंजून मिळाली नसती. पावसाळ्यात मात्र हिला जपायला लागणार. ऊन पडलं की गच्चीवर.

पलंग सोसायटीच्या ग्रुपवर मिळाला. बंगळूरला बदली झालेल्या एका जोडप्याचा, साधा लोखंडी, तीन बाय सहा, ३,५०० आणि टेम्पोचे ६००. लाकडीही दोन बघितले होते. पण जुना लाकडी पलंग घ्यायचा तर प्रत्येक सांध्यात टॉर्च मारून ढेकूण बघावे लागतात, आणि एकाच्या सांध्यात काळे ठिपके दिसले तेव्हा मी पायरीवरूनच परत फिरले. लोखंडीच्या सांध्यांवरही घरी आणल्यावर उकळतं पाणी ओतलं, एक दिवस उन्हात ठेवला, मगच आत.

पलंगावर माझ्या आईने शिवलेली गोधडी. तिच्यात माझ्या शाळेच्या गणवेशाचा एक तुकडा आहे, तो चिऊने शोधून काढला.

शनिवार

हिशेब मांडला. गेले ११,९४०. उरले ३,०६०, अधिक रद्दीचे ६४०, म्हणजे ३,७००. नवऱ्याचं म्हणणं, भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आणि एक चांगला टेबललॅम्प. मी म्हटलं, आधी खिडकीला डासांची जाळी. जून लागला की डेंग्यूचे फलक लागतातच. वेल्क्रोच्या जाळीवाला सोमवारी माप घ्यायला येतोय. नकाशा अप्पा बळवंत चौकात मिळेल, तेवढे पैसे उरतीलच. तो कसा दिसावा याबद्दल चिऊची मागणी: महाराष्ट्र मोठा आणि बाकी जग लहान.

ती अजून आजीजवळच झोपते. नव्या गादीवर दुपारी सासूबाई आडव्या होतात, कंबरेला बरं वाटतं म्हणे. चिऊची याला हरकत नाही. दोन अटी आहेत: उठल्यावर गोधडीची घडी घालायची, आणि तळाच्या फळीवर स्वयंपाक चालू असेल तर भांड्यांना हात लावायचा नाही. आज आजीने दुसरी अट मोडली, म्हणून उद्यासाठी तिला परवानगी नाही. सासूबाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. मी म्हटलं, रेघेच्या खालचं आहे ते, मी काही करू शकत नाही.