कलम ३(के) आणि जिनिंगवाल्याचा पोरगा

लोकांच्या शोधांचे पेटंट अर्ज लिहिणं हे माझं काम. संगणकाशी संबंधित शोधावर पेटंट कार्यालयाचा पहिला तपासणी अहवाल आला की मी त्यात आधी कलम ३(के) शोधते. बहुतेक वेळा ते लावलेलं असतंच. १९७० च्या पेटंट कायद्यातलं हे कलम गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाकारतं. उत्तराला मुदत सहा महिने, आमच्या दर्यापूर तालुक्यातली गेलेली वीज धरून.

२०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, तांत्रिक परिणाम दिसत असेल तर प्रोग्रामवर आधारलेला आहे एवढ्यावरून शोध बाद होत नाही. पण हा परिणाम संशोधकाकडून काढून घेणं हेच खरं काम. क्यूबिटवर, म्हणजे क्वांटम संगणकातल्या माहितीच्या एककावर, काम करणारे एक सर पानंच्या पानं समीकरणं पाठवतात. मी विचारते, "सर, या गणितानं यंत्रात काय बदललं? क्यूबिटला दिलेली पल्स, म्हणजे सिग्नलचा झटका, बदलली? वाचनातली चूक कमी झाली?" त्यांना ते इतकं उघड वाटतं की लिहायचं राहूनच जातं. मग दाव्यात, म्हणजे अर्जात नेमका कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या भागात, मीच मांडते: सिग्नल कुठून आला, कोणत्या सर्किटनं घेतला, हिशेबानंतर कोणती पल्स परत गेली. आणि हे सगळं मूळ स्पेसिफिकेशनमध्येच, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या वर्णनातच, हवं. मागाहून नवा मजकूर घुसवायला गेलं की कलम ५९ आडवं येतं.

परवा इथल्या जिनिंगवाल्याचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखानदाराचा, पोरगा आला. "ताई, माह्या ॲपचं पेटंट निघन काय?" ॲप कापसाचे भाव दाखवतं. नाही निघणार, म्हटलं. जाता जाता त्यानं सांगितलं, कापूस फार सुका असला की जिनिंगमध्ये धागा तुटतो, म्हणून त्यानं सेन्सर बसवलाय; ओलावा मोजून पाण्याचा फवारा आपोआप कमी-जास्त होतो. त्याच्या लेखी ही किरकोळ जुगाड. मी त्याला परत खाली बसवलं.

"याचा व्हिडिओ टाकला नाहीस ना?"

"टाकला ना! लय लाईक आले."

अर्जाआधी स्वतःच उघड केलेला शोध नवा राहत नाही. कलम ३१ मधली सवलत सरकारनं अधिसूचित केलेली प्रदर्शनं वगैरे मोजक्या प्रसंगांपुरतीच. व्हिडिओ दोनदा पाहिला. नुसता फवारा दिसतो. सेन्सर कुठंय, फवारा कशावरून ठरतो, काहीच कळत नाही. जीव आहे अजून यात. आधी तो व्हिडिओ काढून टाकायला लावला आणि प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज लिहायला घेतला. पूर्ण स्पेसिफिकेशनला त्यानंतर बारा महिने मिळतात.

ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला १,६०० रुपये. "एवढेच?" पोरगा खूश. तपासणीच्या विनंतीचे ४,००० आणि माझं बिल अजून सांगायचंय.